मागाच्या खड्ड्यातला बर्फ

मामा,

लक्ष्मणजींनी तुझ्या डोक्यात मोगरी घातली तेव्हा मी समोरच उभी होते. माझे डोळे तुझ्यावर होते, तरी कानांना वाटलं बर्फच फुटला. सगळी दुपार तू त्याच मोगरीनं बर्फाच्या लाद्या फोडत होतास. आवाज अगदी तसाच आला. कोरडा, आणि शेवटी थोडा ओला. तू टेबलामागून नाहीसा झालास आणि हातमागाच्या खड्ड्यात बर्फावर जाऊन पडलास, तेव्हा कुठे मला कळलं की काय फुटलं.

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलं चांगलं लिहायची पद्धत आहे. मला तसं जमेल की नाही माहीत नाही. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे येतं, एवढंच. पण गेल्या काही दिवसांत तुझ्याविषयी जे बोललं गेलं, ते ऐकून मला गप्प बसवत नाही. म्हणून तुलाच सांगते.

तुझं वेड मला पहिल्यांदा आठवतं ते संत्र्याच्या सालीपासून. क्लबातल्या बारवरच्या नोकरीवरून तू सायकलवर घरी यायचास, अंगात पांढरा कोट, घामानं पाठीला चिकटलेला. आईनं पाणी दिलं की म्हणायचास, "बाई, असं नाही. मी दाखवतो." मग संत्र्याची साल पातळ कापायचास, ग्लासावर धरून काडी पेटवायचास आणि साल जोरात पिळायचास. त्या तेलाचा एक भडका उडायचा. ताई आणि मी किंचाळायचो. साध्या पाण्याला सुद्धा मग असा वास यायचा की प्यावंसं वाटायचं. बाबा मागावरून ओरडायचे, "साळेबुवा, घर जाळता का गा?" तू म्हणायचास, "जवाईबापू, घर नाही जाळत. ऊन जाळून राहिलो."

नागपूरचं ऊन तुला शत्रूसारखं वाटायचं. क्लबात साहेब लोक संध्याकाळी व्हरांड्यात बसतात, वाळ्याची ओली ताटी, थंड ग्लास, गार वारा, आणि आपली माणसं दिवसभर खड्ड्यात पाय सोडून, घामानं सूत भिजू नये म्हणून मांडीला फडकं बांधून विणतात, आणि संध्याकाळी भट्टीची पिऊन एकमेकांची डोकी फोडतात. तुझं म्हणणं होतं की ते दारूमुळे होत नाही, उन्हामुळे होतं. "तापलेल्या माणसाले तापलेली दारू देली, तं तो मारामारीच करन. त्याले पयले थंड करा." तू हे इतक्या खात्रीनं बोलायचास.

म्हणून ताईचं लग्न ठरलं तेव्हा तू सांगितलंस की वरपक्षाच्या माणसांची संध्याकाळ तू सांभाळणार. भट्टीची नाही. परमिटवर आणलेली जिन, थोडी रम, आणि बाकी सगळं घरचं. घरातच बार मांडायचा. बाबांनी हातातला धोटा फेकून मारला तुला. तो तुझ्या खांद्याला लागून भिंतीवर आपटला. पण तू ऐकणारा नव्हतास. मागघरातला दुसरा माग सूत मिळत नाही म्हणून कधीचा बंद होता. तू त्याची जाड फळी काढून दोन पिंपांवर ठेवलीस आणि म्हणालास, हे टेबल. मग बंद मागाच्या खड्ड्यात उतरलास, हात जमिनीला लावलास आणि वर पाहून हसलास. "शालू, ये, पाह्य. क्लबात बर्फाले एवढी थंड जागा नाही वं."

बाबा तेव्हा खरंच चिडले. त्या खड्ड्यात त्यांच्या बापाचे पाय होते, आज्याचे होते. दसऱ्याला तिथे आपण दिवा ठेवतो. "माह्या मागाच्या खड्ड्यात दारूचा बर्फ? तुले लाज नाही वाटत?" तू म्हणालास, "रिकामा खड्डा पाहून तुमाले लाज वाटते का नाही, ते सांगा." बाबा तुझ्या अंगावर धावले. आई मध्ये पडली, तिच्या बांगड्या फुटल्या. तो वाद तुम्हा दोघांचा तसाच राहिला. बाबा आता त्या खोलीत पाय ठेवत नाहीत.

पण बर्फ आला. भुसा घालून, पोती गुंडाळून तू लाद्या रचल्यास, जसं आपण ताणा रचतो तितक्या काळजीनं. आणि मला आणि ताईला शिकवत गेलास. कैरी निखाऱ्यावर काळी होईपर्यंत भाजायची, उकडायची नाही, धुराची चव पाहिजे. गर काढून गूळ, काळं मीठ, भाजलेलं जिरं, चुरगळलेला पुदिना. तीन वाट्या पन्ह्याला जिनची एक वाटी, त्याहून जास्त नाही. बर्फ सगळ्यात शेवटी, आणि मोठा खडा, कारण बारीक चुरा घातला की पेय पाणचट होतं. वाळ्याचं सरबत असेल तर लिंबू पिळायचं आणि गोळीच्या बाटलीतला सोडा वरून ओतायचा, ढवळायचं नाही. रमला आल्याचा रस, आणि अगदी थोडं मीठ. मार्चमधल्या संत्र्यांचा पाक तू आधीच करून, बाटल्यांची तोंडं बांधून ठेवला होतास. पहिला ग्लास प्रत्येकाला पाण्याचाच द्यायचा. सोबत भाजलेले शेंगदाणे आणि कांदा, पोट रिकामं राहू द्यायचं नाही. बाटली टेबलाखाली, कुणाच्या हाताला लागणार नाही अशी. आणि ओतणाऱ्यानं प्यायचं नाही.

हे शेवटचं तू दोनदा सांगितलंस. "ओतणारा पेला, का खेळ खतम."

मी तुझ्याशी भांडले होते, ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "मामा, दुसऱ्यांना चढवून देणं हे काय काम आहे?" कॉलेजात माझ्या मैत्रिणींचे मामा मास्तर आहेत, तलाठी आहेत. मला तेव्हा सांगायला संकोच वाटायचा, आता वाटत नाही. तू रागावला नाहीस. पन्हं ढवळत म्हणालास, "चढवणं सोपं हाय वं शालू. भट्टीवाला बी चढवते. चढू न देता बसवून ठेवणं, हे काम हाय." मी म्हटलं, हे फक्त बोलायला छान आहे. तू म्हणालास, "लग्न होऊ दे, मंग बोलू." आपलं बोलणं तिथंच थांबलं. मला अजून वाटतं तू अर्धा बरोबर होतास. कोणता अर्धा, ते मला नीट ठरवता येत नाही.

ग्लास पुरेनात. तेव्हा तू कुंभारपुऱ्यातून टोपलीभर मातीचे करे आणलेस. अक्षय तृतीया नुकतीच होऊन गेली होती. पितरांसाठी पाणी भरायला जे लहान करे विकतात, त्यातले उरलेले कुंभारानं तुला देऊन टाकले. "मातीत गारवा राह्यते. काचेत पाचव्या घोटाले संपते." मग तुला क्लबातली एक रीत आठवली. तिथे प्रत्येकाचा ग्लास वेगळा ओळखू यावा म्हणून काहीतरी खूण करतात, म्हणजे एकाचं उष्टं दुसऱ्याला जात नाही. तू ताईकडून उरलेलं रंगीत सूत मागितलंस आणि आपण तिघं बसून प्रत्येक कऱ्याच्या गळ्याला वेगळ्या रंगाचे फेरे देत राहिलो. लाल, हिरवं, जांभळं. ताई हसत होती, तिच्या हाताची हळद सुताला लागत होती. रंग संपले तेव्हा राहिलेल्या कऱ्यांना पांढरं सूत गुंडाळलं.

आई दारात येऊन थबकली. "काहून गा भाऊ, हे तं आखजीचे करे दिसून राहिले. पितराच्या कऱ्याले गुंडाळते तसं सूत बी गुंडाळलं."

"आखजी होऊन गेली, बाई. आता हे पाहुण्यांचे."

आई आणखी काही बोलणार होती. पण तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली.

पुढचं तुला माहीत आहे. पण जे तू पाहिलं नाहीस, तेही मला सांगायचं आहे.

उमरेडहून वरपक्ष आला तेव्हा ऊन कलत होतं. सगळ्यांचे डोळे लाल, धुळीनं चेहरे राखेसारखे. तू पांढरा कोट घालून टेबलामागे उभा होतास. ताटीवर पाणी मारलं होतं. पहिला ग्लास पाण्याचा दिलास आणि खरंच, मामा, ती माणसं शांत झाली. एकानं पन्ह्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "हे काय हाय बा? कैरी हाय का दारू?" तू म्हणालास, "तुम्हीच सांगा." सगळे हसले. बाबा दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांचा चेहरा सैल झाला होता. तो क्षण मी ठेवून दिला आहे. तू जिंकलास असं मला तेव्हा वाटलं.

मग लक्ष्मणजी आले. नवरदेवाचे, अशोकचे काका. त्यांच्या घरातले सगळे माग त्यांच्या जोरावर चालतात. त्यांचा बाप यंदाच गेला होता, आणि बापाच्या नावाचा पहिला करा त्यांनी काही दिवसांपूर्वीच भरला होता. हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तू त्यांच्या हातात करा दिलास. पांढऱ्या सुताचा.

ते पाहतच राहिले. "हे काय हाय?"

"घ्या काकाजी. थंड हाय. माती गार ठेवते."

"मी मेलो का गा?"

आणि तू हसलास. क्लबात पाहुणा काही वेडंवाकडं बोलला की हसायचं, ही तुझी नोकरीची सवय. तू त्यांची थट्टा केली नाहीस, मला माहीत आहे. पण त्यांना ते हसू दिसलं.

"मले पितर करून राहिला? पोराच्या लग्नात मले पितराचं पाणी पाजते? माह्या बापाची राख थंड नाही झाली, अन् तू दात काढते?"

करा तुझ्या तोंडावर येऊन फुटला. तुझा ओठ फाटला. पन्हं आणि रक्त कोटावरून खाली आलं. त्या वेळी तू काय म्हणालास, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तू म्हणालास, "माफ करा काकाजी, दुसरा भरतो." आणि दुसरा करा घ्यायला वाकलास. वाकलास म्हणून मोगरी त्यांच्या हाताशी आली आणि तुझं डोकं तिच्याखाली.

नंतर जे झालं ते मारामारी नव्हती, काय होतं मला सांगता येत नाही. बाबांनी लक्ष्मणजींचा गळा धरला. अशोकच्या भावांनी ताटीचे बांबू उपसले. आपल्या गल्लीतली पोरं विटा घेऊन आत घुसली. फळी उलटली, टेबलाखालच्या बाटल्या फुटल्या, त्यातली जिनची एक खड्ड्यात तुझ्या अंगावर फुटली. कुणाचा कान फाटला, कुणाचे दात पडले. आलं, पुदिना, रम, रक्त, भुसा, सगळं एकात एक झालं. ज्या माणसांना तू थंड केलं होतंस, तीच माणसं एकमेकांच्या पोटात गुडघे घालत होती. आणि त्या सगळ्यात तुला खड्ड्यातून बाहेर काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी उतरले. तुझ्याखालचा बर्फ लाल झाला होता, आणि वितळत होता म्हणून तो लाल रंग पसरतच होता. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. माझे हात बधिर झाले, बर्फानं की भीतीनं, माहीत नाही. तू डोळे उघडलेस. माझ्याकडे पाहून म्हणालास, "ताटीवर पाणी मार वं. पाहुण्याले गरम होऊन राहिलं."

हेच तुझं शेवटचं बोलणं. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत तू पुन्हा बोलला नाहीस. पहाटे तू गेलास.

तुझ्या मृत्यूपेक्षा मला जास्त मारलं ते दुसऱ्या दिवसानं. उमरेडची वडीलधारी मंडळी आली. लक्ष्मणजी त्यांच्यात होते, पण ओसरीवर चढले नाहीत. अंगणात डोकं गुडघ्यात घालून बसले होते आणि हुंदके देत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला, पण त्या हुंदक्यांनी तो पुरता येऊ दिला नाही, याचाच मला जास्त राग आला. मंडळी बाबांना म्हणाली, "जो गेला तो येत नाही. पोरीच्या अंगाले हळद लागली हाय. हा फासावर गेला तं आमच्या घरी मातीच. तुमचा साळा पेऊन होता, पाय घसरला, खड्ड्यात पडला. एवढं सांगा. सुतक फिटलं का लग्न लावू."

दवाखान्यातही सगळ्यांना तेच वाटत होतं. तुझ्या कपड्यांना जिनचा वास येत होता ना. सगळ्या जगाला तो तुझ्या तोंडाचा वास वाटला.

बाबा हो म्हणाले. तुझ्यासाठी ज्यांनी लक्ष्मणजींचा गळा धरला होता, तेच बाबा. त्यांना दोष देऊ नकोस. हळद लागलेली पोर घरात राहिली तर लोक काय करतात, हे त्यांना माहीत आहे. आईचा भाऊ एका बाजूला आणि पोर दुसऱ्या बाजूला. मी तिच्याजवळ गेले तर तिनं मला ढकलून दिलं. "मले इचारू नोको. तुले जे वाटते ते कर. मले काहीच इचारू नोको." आणि भिंतीवर कपाळ आपटत राहिली.

काल पोलिसांचा जमादार आला. ओसरीवर बसून एकेकाचं लिहून घेत होता. बाबा, शेजारचे, गल्लीतले. सगळ्यांनी तेच सांगितलं. सगळ्यांनी अंगठे उठवले. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ही शिकलेली हाय ना? हिची सही होऊ द्या." आणि त्यानं आधीच लिहिलेलं वाचून दाखवलं: मयत इसम हा दारूच्या नशेत तोल जाऊन...

दारात ताई उभी होती. तिच्या कानामागे हळद अजून पिवळी होती. तिनं मान हलवली नाही, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिनं एकदा डोळे मिटले असते, तर कदाचित मी सही केली असती. खरं सांगते, केली असती. पण तिनं डोळे मिटले नाहीत.

मी म्हटलं, "ते खोडा."

"काय?"

"मामा प्यालेला नव्हता. तो ओतत होता. ओतताना तो पीत नाही."

बाबा उठून उभे राहिले. जमादार म्हणाला, "मंग खड्ड्यात पडला कसा, बाई?"

शब्द मागेपुढे झाले, एक वाक्य तर दोनदा सांगितलं. पण सगळं सांगितलं. करा, सूत, तुझं हसणं, मोगरी. कुणाच्या हातात होती, तेही. अंगणात लक्ष्मणजी नव्हते. ते असते तर मी त्यांच्यासमोर सांगू शकले असते का, हे मला माहीत नाही.

जमादार गेल्यावर ताई माझ्याजवळ आली. तिनं माझ्या तोंडात इतक्या जोरात मारली की माझ्या कानात शिटी वाजली. मग दुसऱ्या गालावर. मग माझे केस धरून तिनं मला भिंतीशी दाबलं आणि विचारलं, "आता माह्यं काय? सांग नं. कॉलेजात जाते नं तू? आता माह्यं काय?"

आज उमरेडहून निरोप आला. लग्न मोडलं. पोलीस लक्ष्मणजींना घेऊन गेले. त्यांच्या घरातही आता रडणं चालू असेल, आणि तिथल्या बायका मला शिव्या देत असतील. देऊ देत.

मामा, मला माहीत आहे तू काय म्हणाला असतास. "मेलेला माणूस इज्जत खाते का वं? पोरीचं लगन होऊ द्यायचं होतं." तू हेच म्हणाला असतास, आणि मी तुझ्याशी भांडले असते. मी म्हटलं असतं की तू एवढ्या माणसांना बसवून ठेवायचं काम आयुष्यभर केलंस, आणि जगानं तुला दारूडा म्हणून जाळावं, हे मला चालणार नाही. तू म्हणाला असतास, "मले चालते." मग काय म्हटलं असतं मी? मला तिथंच अडायला होतं.

तू आम्हाला गारवा द्यायला आला होतास, आणि या घरात आता जो उकाडा आहे, तो कुठल्या ताटीनं जाणार नाही. तरी तुझे आभार मानायचे राहून गेले आहेत, ते मानते. आपण हुशार दिसावं म्हणून नव्हे, तर पाहुण्याचा घसा कोरडा आहे म्हणून हात चालवायचा, हे मी तुझ्याकडून शिकले. पुस्तकात ते मला अजून कुठे सापडलं नाही.

ताई आतल्या खोलीत अंधारात बसली आहे. विटेच्या तुकड्यानं हातांची हळद खरवडून काढते आहे. आवाज इथपर्यंत येतो. कातडी गेली तरी थांबत नाही. आई तिच्याजवळ जायला घाबरते, बाबा घरात नाहीत.

हे लिहून झालं की मी तिच्या हातातली वीट काढून घ्यायला जाणार आहे. ती मला पुन्हा मारेल. मारू दे.